दहा रुपयांची शिवभोजन थाळी: वरणाआधी भाजीची वाटी बघा

शिवभोजन थाळीबद्दल बोलणाऱ्यांचे दोन तट आहेत. एकाला दहा रुपयांत गरम जेवण मिळते याचेच अप्रूप. दुसऱ्याची तक्रार अशी, की वरणात डाळ शोधायला दुर्बीण लागते. वस्त्यांमध्ये आहाराचे वर्ग घेणाऱ्या आम्हा पोषणशिक्षकांना दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. आम्हाला प्रश्न पडतो तो वेगळाच. नाक्यावरचा बिगारी, मार्केट यार्डातला हमाल, चार घरची धुणीभांडी करून आलेली ताई रोज दुपारी हेच जेवली, तर दिवसाच्या गरजेतले किती भागते? उरलेले कुठून आणि किती पैशांत आणायचे? हे परीक्षण त्या हिशेबाने केले आहे.

आधी थाळीची कुंडली. महाराष्ट्र सरकारची ही योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. थाळी दहा रुपयांना. शहरातल्या केंद्राला सरकारकडून थाळीमागे ४० रुपये आणि ग्रामीण केंद्राला २५ रुपये अनुदान, म्हणजे केंद्रचालकाच्या हाती अनुक्रमे ५० आणि ३५. एका केंद्रावर रोज किमान ७५ आणि कमाल १५० थाळ्या ही सुरुवातीची मर्यादा. करोनाच्या काळात किंमत पाच रुपयांवर आली, २०२१ मध्ये काही महिने थाळी मोफतही होती, मग पुन्हा दहा. ताटातले जिन्नस ठरलेले आहेत: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजीची एक वाटी, १०० ग्रॅम वरणाची एक वाटी आणि १५० ग्रॅम भाताची एक मूद.

ही सगळी वजने शिजलेल्या अन्नाची आहेत. थाळीतली बरीचशी गोम इथेच आहे, त्यामुळे जरा थांबून हिशेब करू.

शिजलेल्या अन्नात पाणी असते आणि काटा पाण्यालाही तेवढेच मोजतो. १५० ग्रॅमची मूद मोकळ्या भाताची असेल, तर तिच्यात साधारण ५५ ग्रॅम तांदूळ असतो. भात पाणी जास्त घालून गिच्च केला, तर तीच मूद ४३-४५ ग्रॅम तांदळात भरते आणि काट्यावर वजन तंतोतंत १५० दिसते. वरणाचेही तेच. एक भाग डाळ आणि चार भाग पाणी असे दाट वरण असेल, तर वाटीत २० ग्रॅम तूरडाळ येते. एकास नऊ केले की १० ग्रॅम. वाटी दोन्ही वेळा शंभराचीच. चपातीत लबाडीला वाव कमी. ३० ग्रॅमच्या भाजलेल्या चपातीत २२ ग्रॅमच्या आसपास कणीक जाते. पण एकच चपाती काट्यावर ठेवून काही कळत नाही, कारण लाटणाऱ्या हाताप्रमाणे चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे होतातच. दहा चपात्या एकदम ठेवायच्या. ३०० ग्रॅमच्या जवळपास आल्या तर ठीक, २५० आल्या तर पीठ वाचवले जाते आहे.

आता मांडणी. तांदूळ ५५ ग्रॅम, कणीक ४४ ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, बटाट्याच्या रस्सा भाजीत ८० ग्रॅम बटाटा, भाजी आणि फोडणी मिळून ७ ग्रॅम तेल. यातून मिळतात सुमारे ५२५ किलोकॅलरी आणि साडेचौदा ग्रॅम प्रथिने. ही नीट चाललेल्या केंद्राची थाळी झाली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात, मध्यम कष्टाला २७१० आणि जड कष्टाला ३४७०. बाईला याच क्रमाने १६६०, २१३० आणि २७२०. प्रथिने पुरुषाला ५४ ग्रॅम, बाईला ४६. म्हणजे टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा पाव दिवस या थाळीत भागतो. पोती उचलणाऱ्याचा मात्र सहावा-सातवा हिस्साच. आणि गंमत म्हणजे ही थाळी टेबलाशी बसणाऱ्यासाठी काढलेलीच नाही.

शाळेच्या पोषण आहाराशी तुलना केली की हे आणखी उघडे पडते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा निकष आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने अपेक्षित आहेत. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. शिवभोजन थाळीतले धान्य मोजा: ५५ अधिक ४४, म्हणजे ९९ ग्रॅम. डाळ २० ग्रॅम. हे चौथीतल्या मुलाचे ताट झाले, थोडी भाजी वाढवून. ते आपण दिवसभर सिमेंटची घमेली वाहणाऱ्या माणसापुढे ठेवतो आणि तो ‘पोट भरलं’ म्हणून उठतो, कारण गरम भात आणि पातळ वरण तासभर पोट फुगवून ठेवते. चार वाजता वडापाव लागतो तो त्यामुळे.

शाळेचा निकष कच्च्या जिनसांत लिहिला आहे, हेही लक्षात घ्या. किती मुले आणि किती किलो तांदूळ, डाळ काढली, याचा मेळ वहीत घालता येतो. शिवभोजनात तो मेळ घालायला काही आधारच दिलेला नाही. आमच्या मते या योजनेतली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती कागदावरचीच आहे. ‘वरण १०० ग्रॅम’ च्या जागी ‘तूरडाळ २० ग्रॅम, कच्ची’ असे लिहायचे. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

वरण की भाजी

लोक भांडतात ते वरणावरून. पातळ वरण डोळ्यांना लगेच दिसते, म्हणून भांडतात. पण आकडे वेगळे बोलतात. २० ग्रॅमऐवजी १० ग्रॅम डाळ घातली, तर थाळीतली प्रथिने साधारण दोन ग्रॅमने घटतात. घट वाईटच, पण दोन ग्रॅमची. आता भाजीच्या वाटीकडे बघा. बटाट्याच्या रश्शात प्रथिने जेमतेम सव्वा ग्रॅम. त्याच वाटीत मटकीची उसळ आली, तर ३० ग्रॅम कोरड्या मटकीतून सहा ग्रॅम. थाळी साडेचौदावरून साडेएकोणीसच्या आसपास जाते. पातळ वरण आणि मटकीची उसळ असलेली थाळीसुद्धा १७ ग्रॅमच्या वर भरते, म्हणजे दाट वरण आणि बटाटा असलेल्या थाळीपेक्षा सरस.

म्हणून केंद्रावर कुणी ‘आज वरण कसं आहे?’ असे विचारले, की आम्ही त्यांना ‘आज भाजी कुठली?’ असे विचारायला शिकवतो.

निकषात नुसते ‘भाजी’ म्हटले आहे. मराठी ताटात उसळ भाजीच्या जागी येते, तेव्हा नियमाची अडचण दिसत नाही. पैशाची तरी आहे का? मटकी किलोला ११० रुपये धरली तर ३० ग्रॅमचे ३ रुपये ३० पैसे. बटाटा ३० रुपये किलो धरला तर ८० ग्रॅमचे २ रुपये ४० पैसे. फरक ९० पैशांचा. पूर्ण १५० थाळ्यांच्या केंद्राला दिवसाला १३५ रुपये. आठवड्यातून तीन दिवस उसळ ठेवली तर महिन्याला सतराशे-अठराशे. पन्नास रुपयांच्या थाळीत हे बसते. पस्तीसच्या थाळीत ओढाताण होते, पण बसते.

खरी अडचण आधीच्या तयारीची असते. बटाटा सकाळी नऊला सोलला तरी अकराला भाजी तयार. मटकीला दीड दिवस आधी हात लावावा लागतो. १५० थाळ्यांना साडेचार किलो मटकी लागते. ती फुगून अडीचपट होते, म्हणजे भिजवायला वीस लिटरचे पातेले हवे. आठ-दहा तास भिजवायची, पाणी काढायचे, ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवायची. मार्च ते जूनमध्ये इथेच घात होतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाठोडे बारा तासांच्या वर राहिले की मोड बुळबुळीत होतात आणि आंबूस वास मारतो. मग केंद्रचालक एकदा पाच किलो मटकी फेकतो आणि पुन्हा बटाट्यावर येतो. यावर उपाय असा, की उन्हाळ्यात मोड काढायचेच नाहीत. चवळी, हिरवा वाटाणा, छोले नुसते रात्रभर भिजवून कुकरला लावायचे, मध्ये एकदा पाणी बदलायचे. अख्ख्या मसुराला तर दोन तास भिजवणेही पुरते, त्यामुळे सकाळी ठरवूनही मसुराची उसळ होते. मोडांमुळे क जीवनसत्त्व थोडे वाढते हे खरे, पण उसळ शिजवताना त्यातले बरेचसे जाते. मोड नाहीत म्हणून उसळ टाळणे हा तोट्याचा सौदा आहे.

कडधान्य शिजत नाही ही दुसरी तक्रार. बोअरवेलच्या जड पाण्यात ते दगडासारखे राहते. तिथे नळाचे पाणी वापरावे, चिंच, टोमॅटो शिजल्यावरच घालावेत. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की लवकर शिजते हे सगळ्या आचाऱ्यांना ठाऊक आहे. पण त्याने ब१ जीवनसत्त्व मरते. भात पॉलिशच्या तांदळाचा, त्यात ब१ आधीच कमी. तेव्हा सोडा नको.

एखाद्या दिवशी बटाटाच करायचा असेल, तर त्यात सोयाबीन वडीचा चुरा टाका. थाळीमागे १० ग्रॅम कोरडा चुरा, म्हणजे १५० थाळ्यांना दीड किलो. त्यातून माणशी पाच ग्रॅम प्रथिने आणि खर्च सव्वा रुपयाच्या आत. नुसता टाकला तर लोक बाजूला काढून ठेवतात, कारण त्याला कच्चट वास येतो. गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, घट्ट पिळून, पाणी फेकून द्यायचे आणि कांदा-लसणाच्या फोडणीत आधी परतायचा. रस्सा त्यानंतर.

मुदपाकखान्यातली परीक्षा

केंद्रावर बसून ताटाचे फोटो काढण्यापेक्षा सकाळी साडेनऊला स्वयंपाकघरात डोकावणे जास्त कामाचे. १५० थाळ्या नीट द्यायच्या, तर सव्वाआठ किलो तांदूळ, साडेसहा किलो कणीक, तीन किलो तूरडाळ, भाजीला १२ किलो बटाटा किंवा साडेचार किलो कडधान्य आणि एक किलोच्या थोडे वर तेल लागते. हे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवले तरी आचाऱ्याच्या हाताला शिस्त लागते. डाळ दीड किलोच काढलेली दिसली, तर दुपारी वरण कसे असेल हे सांगायला काटा लागत नाही.

या जिनसांचा खर्च जोडला तर कांदा, मसाला, मीठ, गॅस धरून थाळीमागे १५-१७ रुपयांच्या घरात जातो. शहरात ५० हाती येतात, मग उरलेले कुठे जातात असा सवाल येतोच. तीनशे चपात्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी, जागेचे भाडे, पाणी, भांडी घासणे, लोकांना बसून जेवता येईल एवढी जागा, योजनेच्या ॲपवर जेवणाऱ्याचा फोटो आणि नाव भरणारा माणूस, यांत ते जातात. त्याउपर अनुदान वेळेवर येत नाही हा जुनाच रोग. बिले महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या वेळोवेळी आल्या आहेत. तोवर किराणा उधारीवर येतो आणि उधारीचा दुकानदार चांगल्या प्रतीची डाळ देत नाही. बचत गटाची केंद्रे यात आधी मोडतात, हॉटेलवाल्याचे केंद्र तग धरते, कारण त्याचा दुसरा गल्ला चालू असतो. वरण पातळ होण्याला चोरीइतकेच हे थकलेले बिलही कारण आहे. केंद्राला शिव्या देण्याआधी हे ध्यानात असावे.

स्वच्छतेत एकच गोष्ट सांगतो, ती भाताची. सकाळी आठला शिजवलेला भात झाकून कोमट ठेवायचा आणि दीडला वाढायचा, हे पोट बिघडण्याचे हमखास कारण. भातातल्या काही जिवाणूंचे बीज उकळूनही मरत नाही, कोमट भातात ते पुन्हा वाढते, आणि त्याचे विष परत गरम केल्यानेही जात नाही. एकाच मोठ्या टोपाऐवजी दोन घाण्यांत भात लावावा, दुसरा साडेबाराला. तेवढे जमत नसेल तर टोप गरम पाण्याच्या परातीत, वाफ दिसेल इतका गरम राहायला हवा. हाताला सोसेल एवढा कोमट भात म्हणजे धोक्याचा भात.

वेळेबद्दल थोडे. सुरुवातीला १२ ते २ अशी वेळ होती, नंतर ती वाढवली गेली. ठरलेल्या थाळ्या संपल्या की खिडकी बंद होते, त्यामुळे एक वाजता सुट्टी होणाऱ्या साइटवरच्या कामगाराच्या वाट्याला बऱ्याचदा रांगेचे शेपूटच येते. शेवटच्या वीस थाळ्यांचे वरण सर्वात पातळ असते, कारण टोप पुरवायला त्यात गरम पाणी ओतले जाते. हा घोळ टाळायला वरण दोन टोपांत वेगळे करून ठेवावे आणि दुसरा टोप एकनंतरच उघडावा.

थाळीत जे नाही ते

राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस, ३५ ग्रॅम दाणे आणि तेलबिया, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल आहे. रंगीत गोल ताटाचा हा तक्ता आमच्यापैकी बरेच जण वस्तीत घेऊन जातात. तक्ता बरोबर आहे. पण आठ जणांत एक खोली, एक शेगडी आणि फ्रीज नाही अशा ठिकाणी तो भिंतीवर लावून ‘रोज दूध, फळे, पालेभाजी घ्या’ सांगणे म्हणजे एसटीची वाट बघणाऱ्याला विमानाचे वेळापत्रक देणे. वर्ग संपल्यावर बायका मान डोलावतात आणि रेशनचा तांदूळ शिजवायला जातात. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, म्हणजे धान्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला असतो. अडते ते डाळ, भाजी, दाणे आणि अंड्यापाशी. म्हणून वर्गाची सुरुवात तक्त्याऐवजी या थाळीपासून करावी, असे आमचे ठाम मत झाले आहे. ही थाळी समोर धरायची आणि विचारायचे, यात आणखी पाच रुपये घातले तर काय आणाल?

पाच रुपयांत बाजारात बिस्किटाचा छोटा पुडा येतो. मैदा, साखर, पामतेल. त्याच पैशांत साधारण ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे येतात, त्यातून सात ग्रॅम प्रथिने आणि दीडशेच्या वर किलोकॅलरी. जड काम करणाऱ्याला पाच रुपयांत तयार खाणे इतके भरीव क्वचितच मिळते. शेंगदाणे कुबट वासाचे, काळपट किंवा बुरशी धरलेले असतील तर मात्र फेकायचे, निवडून खायचे नाहीत. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजून जात नाही.

सात-आठ रुपये असतील तर उकडलेले अंडे. साडेसहा ग्रॅम प्रथिने, शिवाय ब१२, जे या थाळीत कुठेच नाही. शाकाहारी माणसाला ते ताक-दह्यातून थोडेफार मिळते.

बायकांसाठी लोहाची गोष्ट वेगळी काढून सांगावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे, पुरुषाला १९. भात, चपाती, वरणातले लोह आधीच कमी, आणि ते शरीरात शिरायला आंबट जिनसाची मदत लागते. लिंबाची एक फोड पिळली तरी फरक पडतो. शंभर थाळ्यांना पंचवीस लिंबे पुरतात, चार फोडी करून. केंद्राने ती ठेवली नाहीत तर पदरात बांधून न्यावीत. आवळ्याच्या मोसमात मीठ लावलेली फोड त्याहून सरस. याच्या बरोबर उलटे काम करतो जेवल्या-जेवल्या घेतलेला चहा. केंद्राला लागूनच टपरी असते आणि चहाशिवाय जेवण संपले असे वाटत नाही, हे कळते. चहातला तुरटपणा लोह अडवतो. तासभर थांबा, एवढेच सांगायचे. ‘चहा सोडा’ म्हटले तर उरलेला वर्ग वाया जातो.

पालेभाजी आठवड्यातून दोनदा तरी वाटीत यावी. मेथी-पालक महाग असतील तेव्हा चुका, चाकवत, शेवग्याचा पाला, राजगिरा. १०० ग्रॅमच्या वाटीला दीडशे ग्रॅम निवडलेला पाला लागतो, कारण तो आटतो. म्हणून केंद्रे ती टाळतात. डाळ घालून पातळ भाजी केली तर ५० ग्रॅम पाल्यात वाटी भरते आणि डाळही जाते. निवडायला हात कमी असतात ही अडचण खरी आहे. शेवग्याचा पाला मात्र काडीवरून ओरबाडून निघतो.

मधुमेह असलेल्यांचा प्रश्न सगळ्यात अवघड. या थाळीतल्या जवळपास दोन-तृतीयांश कॅलरी तांदूळ आणि गव्हातून येतात. ‘भात नको, एक वाटी उसळ जास्त द्या’ असा अदलाबदलीचा मार्ग योजनेत नाही, आणि रांगेत उभ्या माणसाने तो मागावा कसा? व्यवहारात एवढेच जमते: आधी भाजी आणि वरण खायचे, मग चपात्या, आणि मूद अर्धी. पण औषध घेऊन पोती उचलणाऱ्याने भात सोडून उठायचे ठरवले, तर साखर उतरून दुपारी चक्कर येण्याचा धोका आहे. त्याच्याकडे साखर किंवा गूळ असलाच पाहिजे आणि औषधाचे डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवे. मिठाचेही बघा. वरण आणि भाजीत मिळून दोन ग्रॅमच्या आसपास मीठ जाते, दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम. वर लोणचे-पापड मिळाला तर रक्तदाब असलेल्याने तो शेजाऱ्याला द्यावा.

१९९५ मध्ये एक रुपयाला झुणका-भाकर सुरू झाली होती, तिची अनेकांना आठवण येते. तुलना करून बघितली. ८० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी आणि ३० ग्रॅम बेसनाचा झुणका धरला तर प्रथिने साडेचौदा ग्रॅमच होतात, या चार जिनसांच्या थाळीइतकीच, आणि त्यात पाण्याने वजन फुगवायला जागा नाही. भाकरीवर परत जा असे आमचे म्हणणे नाही. तीनशे चपात्या लाटणाऱ्या केंद्राला दीडशे भाकरी थापायला सांगणे सोपे नाही, थापणारे हात आता मिळत नाहीत. पण आठवड्यातून एकदा वरणाच्या जागी पिठले करता येते. बेसन तूरडाळीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त असते, वीस मिनिटांत शिजते, आणि पिठल्यात पाणी जास्त झाले की ते लगेच ओघळते, लपत नाही.

गुण द्यायचेच तर किमतीला पाचपैकी पाच. दहा रुपयांत बसून, गरम, धान्य आणि डाळ एकत्र असलेले जेवण शहरात दुसरीकडे नाही. वडापावही त्याहून महाग पडतो आणि त्यात मैदा आणि तळणाचे तेलच जास्त. उसळीच्या दिवशी पोषणाला साडेतीन, बटाट्याच्या दिवशी दोन. निकष लिहिणाऱ्याला एक, आणि तोही गुण डाळ ताटात ठेवली म्हणून.

एका गोष्टीचा इशारा मात्र द्यायला हवा. अनेक आया एक थाळी घेऊन त्यात लहान मुलाला जेवू घालतात. ५२५ किलोकॅलरींचे दोन वाटे झाले की दोघेही उपाशी. मूल सहा वर्षांच्या आतले असेल तर त्याचे नाव अंगणवाडीत घाला. तिथे त्याच्या हक्काचा आहार वर्षाचे ३०० दिवस धरलेला आहे, आणि तीव्र कुपोषित असेल तर जास्तीचा. शिवभोजनाच्या ताटातले त्याला भरवायचेच असेल, तर वरणाचे नुसते वरचे पाणी घातलेला भात नको. टोपाच्या तळाशी बसलेली डाळ मागून घ्या, ती भातात कालवून वर एक चमचा तेल घाला. वाढणाऱ्या मावशींना ‘बाळासाठी खालची डाळ द्या’ म्हटले की त्या डाव तळापर्यंत घालतात.